तोतया बुल डॉग: सदाशिव पेठेतल्या एका जुन्या रिव्हॉल्व्हरचं प्रकरण

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला गेला. सामान हलवताना माजघरातल्या फडताळाची मागची फळी निखळली आणि भिंतीच्या पोकळीत पत्र्याची एक पेटी सापडली. पेटीत मोडीतले काही कागद होते आणि चामड्याच्या पिशवीत आखूड नळीचं एक रिव्हॉल्व्हर. हे प्रकरण त्या रिव्हॉल्व्हरचं आहे. कुटुंबाच्या संमतीनं लिहितो आहे, पण नावं आणि वाड्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

जुन्या शस्त्रांच्या नोंदी करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. पुण्यात जुन्या घरांतून तलवारी, पट्टे, कट्यारी निघतात, त्यांची पूजा होते, दसऱ्याला त्या बाहेर काढल्या जातात. एखादी चांगल्या कारखान्याची बंदूक निघाली तर तिलाही मान मिळतो. हे रिव्हॉल्व्हर त्यातलं नव्हतं. ते हलक्या दर्जाचं, स्वस्तातलं, पुढे कुणीतरी हातानं डागडुजी केलेलं होतं. अशा वस्तूला घरात मान मिळत नाही आणि तिची भीतीही वाटत नाही. "गंजलेलं खेळणं आहे, काय होणार" असं म्हणून ती हाताळली जाते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वाईट बनावटीचं हत्यार चांगल्यापेक्षा जास्त जपून हाताळावं लागतं, आणि त्याचा इतिहास शोधायचा तर त्याच्या वाईटपणाइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा नसतो.

पहिला तास

घरात त्या दिवशी तिघं होते. थोरल्या काकू, त्यांचा हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या आणि ठेकेदाराचा मुकादम. पुतण्यानं रिव्हॉल्व्हर उचललं, मुठीत धरलं आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. फोटोत त्याचं बोट चापावर होतं आणि नळीचं तोंड जिन्याकडे. तो फोटो फिरत फिरत त्यांच्या एका आप्तांकडून माझ्याकडे आला.

फोटो मोठा करून पाहिल्यावर काडतुसं ठेवायच्या फिरत्या सिलिंडरच्या मागच्या फटीत एक हिरवट कड दिसली. या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि मागची पाठ यांच्यामध्ये थोडी फट असते, आणि सिलिंडरच्या घरात, म्हणजे काडतुसासाठीच्या भोकात, काडतूस असेल तर त्याच्या बुडाची कड बाजूनं दिसते. पितळेवर गंज चढला की ती हिरवी पडते. म्हणजे निदान एका घरात काडतूस होतं, आणि तेही घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या भागाच्या, बरोबर खालच्या घरात.

मी लगेच फोन केला. "बोट चापावरून काढ. नळी वाड्याच्या जाड भिंतीकडे कर आणि हळूच खाली ठेव. घोड्याला हात लावू नकोस, उघडायचा प्रयत्न करू नकोस. खोलीतून बाहेर ये आणि दार लावून घे."

"काका, शंभर वर्षांपूर्वीचं काडतूस आहे हो. ते काय उडणार?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. त्या काळच्या काडतुसात दोन गोष्टी असतात. बुडाच्या टोपीत धक्क्यानं पेटणारा मसाला, बहुधा पाऱ्याचं फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट यांचा. आणि त्याच्या पुढे काळी दारू. फल्मिनेट उष्णतेनं आणि दमटपणानं हळूहळू निकामी होतं, हे खरं. पण किती झालं आहे हे बाहेरून कळत नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं नुसतं मिश्रण. ती कोरडी राहिली तर तिला वय लागत नाही. सदाशिव पेठेतल्या जाड भिंतीच्या आत, बंद पत्र्याच्या पेटीत, चामड्याच्या पिशवीत ती किती कोरडी राहिली असेल याची खात्री कोण देणार?

यात हत्याराच्या हलकेपणाची भर पडते. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप सोडला की घोडा किंचित मागे सरकून थांबतो, म्हणजे त्याचं टोक टोपीवर टेकत नाही. निदान त्याला अर्धा टप्पा तरी असतो, जो घोड्याला अडवून धरतो. स्वस्त मालात टोक सरळ टोपीवर टेकलेलं असतं आणि अर्धा टप्पा झिजून गुळगुळीत झालेला असतो. अशी वस्तू हातातून फरशीवर पडली तर चाप न ओढताही बार होऊ शकतो. ज्या काळी ही रिव्हॉल्व्हरं रोज वापरात होती त्या काळीही शहाणी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. या रिव्हॉल्व्हरमध्ये नेमकं तेच भरलेलं होतं.

आणखी एक गोष्ट तिथेच थांबवावी लागली. मुकादमानं पेटी उघडल्यावर काकूंनी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन रिव्हॉल्व्हरची डावी बाजू घासायला घेतली होती, देवाची उपकरणी घासावीत तशी. हेतू निर्मळ होता. घरातली जुनी वस्तू स्वच्छ करून ठेवावी, एवढाच. पण चिंचेतलं आम्ल निकेलच्या मुलाम्याखालच्या लोखंडाला लागलं आणि राखेनं उथळ कोरीव अक्षरं आणखी उथळ झाली. डाव्या बाजूला काय काय होतं ते आता पूर्णपणे कधीच कळणार नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

कायद्याची बाजू

पुतण्याकडे दोन योजना तयार होत्या. एक, "अँटिक आहे म्हणजे लायसन लागत नाही". दुसरी, न्यू जर्सीतल्या चुलत भावाकडे पाठवून लिलावात काढायचं.

पहिली समजूत परदेशी व्हिडिओंमधून येते. अमेरिकेत १९६८च्या कायद्यानुसार १८९८पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक समजलं जातं. ब्रिटनमध्ये १९६८च्याच फायरआर्म्स ॲक्टमध्ये शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या जुन्या हत्यारांना सूट आहे. आपल्याकडे अशी कुठलीही वर्षाची रेघ नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ४५मध्ये सूट आहे, पण तिची अट कडक आहे. शस्त्र कालबाह्य नमुन्याचं, पुरातन मोलाचं किंवा नादुरुस्त असलं तरी ते दुरुस्त करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, असं असायला हवं. 'दुरुस्त करूनही' हा भाग लोक वाचतच नाहीत. मोडकं असणं पुरेसं नाही. पन्नास रुपयांच्या स्क्रूनं जे पुन्हा चालेल ते कायद्याच्या नजरेत अग्निशस्त्रच.

आणि ते चालेल की नाही हे ठरवणं घरच्यांचं किंवा माझं काम नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला कलम २५खाली २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. भिंतीत काय आहे हे माहीत नव्हतं तोवर ते घरच्यांच्या जाणीवपूर्वक ताब्यात नव्हतं. पेटी उघडली, फोटो निघाला, गटावर गेला, त्या क्षणापासून माहीत आहे. म्हणून त्यानंतरचा प्रत्येक तास महत्त्वाचा.

दुसरी योजना तर त्याहून वाईट. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरियरनं विनापरवाना हत्यार आणि काडतूस पाठवण्याचा गुन्हा वेगळाच. मुकादमानं तिसरा उपाय सुचवला, नळीत वेल्डिंग मारून कपाटात ठेवायचं. यात काडतूस आत असताना उष्णता द्यायची होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आणि आपणच परस्पर नळी बुजवल्यानं आधीचा ताबा कायदेशीर होत नाही, वर वस्तूचा इतिहासही जळतो.

खरा मार्ग कलम २१चा. कुठल्याही कारणानं ताबा कायदेशीर राहिला नसेल तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करायचं. काकूंना पोलीस ठाणं म्हटल्यावर धसका बसला. "अहो, आमच्या घरात आजवर कुणी ठाण्याची पायरी चढलं नाही." मी म्हटलं, "काकू, शस्त्र घेऊन तुम्ही जायचंच नाही. फक्त अर्ज घेऊन जायचं. शस्त्र न्यायला ते येतील."

तसंच झालं. अर्जात तीन गोष्टी लिहिल्या: कुठं सापडलं, कुणाच्या देखत सापडलं आणि सापडल्यावर कुणी कुणी हात लावला. शेवटचा मुद्दा घरच्यांना नको होता, पण तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण बोटांचे ठसे आणि घासल्याच्या खुणा यांचा खुलासा त्यातच होता. पोलीस आले, दोन पंचांसमक्ष पंचनामा झाला, फोटो निघाले, वस्तू सीलबंद होऊन प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे गेली. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे सगळं केलं. प्रामाणिक अर्जानं काम सोपं होतं, एवढंच इथं नोंदवतो.

हातात घेतल्यावर काय दिसलं

प्रयोगशाळेतून काडतूस काढलेलं रिव्हॉल्व्हर परत आल्यावर, अधिकाऱ्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्या देखत मला ते तपासता आलं. रबरी हातमोजे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, तिरपा प्रकाश पाडायला टॉर्च आणि प्लास्टिकचा कॅलिपर, एवढंच साहित्य. धातूची टोकदार वस्तू अशा पृष्ठभागाजवळ नेऊ नये.

पाच घरांचा सिलिंडर, अडीच इंचांच्या आसपासची नळी, खाली निमुळती होत गेलेली लाकडी मूठ. वरच्या पट्टीवर इंग्रजीत 'ब्रिटिश बुल डॉग' अशी अक्षरं. नावावरून घरच्यांनी ते विलायती ठरवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

बुल डॉग हे नाव बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीनं १८७२मध्ये बाजारात आणलेल्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरचं. आखूड, जाडजूड, मोठ्या गोळीचं. ते इतकं खपलं की बेल्जियम आणि अमेरिकेत त्याच्या नकला निघाल्या. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर जुलै १८८१मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या त्या बुल डॉग पद्धतीच्याच रिव्हॉल्व्हरनं. नकलांवरही नाव 'ब्रिटिश'च असे. पेशवाईतल्या तोतयाच्या गोष्टी सांगणाऱ्या या शहरात, आणि त्यातही भाऊसाहेबांच्या नावाच्या पेठेत, हा तोतया निघावा याची मला गंमत वाटण्याऐवजी काळजीच वाटली, कारण नावावर विश्वास ठेवला की पुढचं सगळं वाचन चुकतं.

सिलिंडरवर भिंग नेलं आणि शिक्का सापडला. लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरं, खाली तारा आणि लंबगोलाच्या वर एक छोटा मुकुट. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा शिक्का. इंग्लंडमध्ये बनलेल्या हत्यारावर लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा शिक्का असता. म्हणजे 'ब्रिटिश' हे फक्त नाव. आणि तो छोटा मुकुट त्याहून मोलाचा, कारण लिएजच्या लंबगोलावर मुकुट १८९३पासून आला. त्याआधीच्या शिक्क्यावर तो नसतो.

पुतण्या म्हणाला, "सरकारी शिक्का आहे म्हणजे माल चांगलाच असणार." हा गैरसमज जुन्या हत्यारांच्या बाजारात सर्रास खपवला जातो. चाचणीगृहात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात. नळी आणि सिलिंडर फुटले नाहीत तर शिक्का बसतो. ते एकदा फुटलं नाही, इतकीच त्याची ग्वाही. घोडा नीट बसला आहे का, सिलिंडर नळीसमोर बरोबर थांबतो का, लोखंड किती मऊ आहे, याबद्दल शिक्का काही बोलत नाही.

आता त्या वस्तूचा वाईटपणा. फ्रेमच्या आतल्या कडांवर कानशीचे ओरखडे तसेच होते, कुणी ते पॉलिश करायचे कष्ट घेतले नव्हते. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, इतके उथळ की टॉर्च फिरवल्याशिवाय दिसत नव्हते. सिलिंडर अडवणाऱ्या खाचांच्या कडा दबून गोल झाल्या होत्या, म्हणजे लोखंड मऊ. सिलिंडर थांबल्यावरही बोटानं डावीउजवीकडे हलत होता. घर आणि नळी एका रेषेत येत नसतील तर गोळी नळीत शिरताना तिचं शिसं खरवडलं जातं आणि फटीतून बाजूला उडतं. शेजारी उभा असलेला माणूस त्यानं जखमी होतो.

मग जुळणीचे आकडे पाहिले. फ्रेमच्या आतल्या बाजूला ७, सिलिंडरच्या तोंडावर ७, पण घोड्याच्या बाजूला ४. लिएजच्या भागात बंदुका एका छताखाली कमी बनत. नळ्या एकीकडे, चाप-घोड्याची यंत्रणा दुसरीकडे, मूठ तिसरीकडे, आणि कितीतरी कारागीर आपापल्या घरीच कानस चालवत. प्रत्येक तुकडा हातानं घासून दुसऱ्याला बसवलेला असे, म्हणून एका रिव्हॉल्व्हरचे भाग दुसऱ्याला लागत नसत. गोंधळ होऊ नये म्हणून एकाच हत्याराच्या सगळ्या भागांवर एकच आकडा ठोकत. इथं घोडा ४ नंबरचा. म्हणजे तो दुसऱ्या कुठल्यातरी रिव्हॉल्व्हरमधून काढून याला बसवलेला.

घोडा काळजीपूर्वक पाहिला तेव्हा त्याच्या खालच्या टप्प्याच्या खाचा वेगळ्याच कानशीनं, जाडसर दातांच्या, पुन्हा कोरलेल्या दिसल्या. अर्धा टप्पा नावालाच उरला होता. टोकही किंचित एका बाजूला झुकलेलं. लिएजच्या कारागिरानं निदान वेगानं पण सवयीच्या हातानं काम केलं होतं. हे दुसरं काम हुशार पण या वस्तूची सवय नसलेल्या हाताचं होतं.

पेटीतला कागद

या दुसऱ्या हाताचा उलगडा पेटीतल्या मोडी कागदांनी केला. मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांनी ते पाहिले. बहुतेक घरखर्चाचे जमाखर्च होते: तेल, कापूस, ब्राह्मणाला दक्षिणा, गवताचा भारा. एका पानावर, वर्षाचा कोपरा फाटलेल्या ठिकाणी, एक ओळ होती. तमंचाचा घोडा बसविला त्याबद्दल कसबे येथील कारागिरास रुपया सव्वा.

कसब्यातली तांबट आळी पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हा कारागीर तांबट होता, लोहार होता की घड्याळं दुरुस्त करणारा, हे कागद सांगत नाही आणि मी त्यावर तर्क करणार नाही. पण वस्तू आणि कागद एकमेकांची साक्ष देतात असा योग या कामात फार क्वचित येतो. घोड्यावरचा ४ आणि ती सव्वा रुपयाची ओळ शेजारी ठेवली तेव्हा मला जो आनंद झाला तो एखाद्या नामांकित कारखान्याचं निर्दोष रिव्हॉल्व्हर हाती आल्यावरही झाला नसता.

घरची गोष्ट आणि मुकुट

प्रत्येक घराला अशा वस्तूबद्दल एक गोष्ट हवी असते. या घरातही होती. काकूंच्या सासूबाई सांगत की त्यांच्या सासऱ्यांचे वडील वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडात सामील होते आणि घरात एक हत्यार लपवलेलं आहे. ते कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आता हत्यार सापडल्यावर गोष्ट सिद्ध झाली असं घरच्यांना वाटलं.

फडक्यांचं बंड १८७९चं. मुकुट असलेला लिएजचा शिक्का १८९३नंतरचा. चौदा वर्षांचं हे अंतर कुठल्याही श्रद्धेनं भरून निघत नाही. पूर्वज बंडात नव्हते असं मी म्हणत नाही, तेवढं सांगणारा कुठलाच पुरावा माझ्यापुढे नव्हता. हे रिव्हॉल्व्हर त्या बंडातलं नाही, इतकं मात्र निश्चित.

मग पुतण्यानं दुसरी तारीख काढली. "काका, मग १८९७? रँडचा खून? चापेकर?" २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हे पुण्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. काळ जुळतो हे खरं, पण काळ जुळणं म्हणजे संबंध असणं नव्हे. त्या वर्षांत पुण्यात आणि मुंबईत अशी कितीतरी स्वस्त रिव्हॉल्व्हरं आली असणार. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगायला परवाना लागत होता, आणि परवाना न घेता ठेवलेली वस्तू भिंतीत जाते, यात नवल नाही. त्यासाठी क्रांतिकारक असावं लागत नाही.

माझा अंदाज साधा आहे, तो अंदाज म्हणूनच सांगतो. जमाखर्चात व्याजाच्या बऱ्याच नोंदी आहेत. थोडीफार सावकारी करणारं घर. प्लेगच्या साथीत शहर ओस पडलं होतं, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहत होते आणि पेठांतली घरं कुलुपात होती. रोकड आणि दागिने सांभाळणाऱ्या माणसानं अशा काळात एखादं स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर मिळवून ठेवणं मला जास्त खरं वाटतं. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख होती तो खरं वेब्ली घेई. ज्याच्याकडे भीती होती पण वशिला नव्हता त्याच्या वाट्याला हे आलं.

काडतूस

प्रयोगशाळेच्या अहवालातला काडतुसाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पितळी कोशाच्या तोंडाशी उभी बारीक भेग होती. भारतातल्या ब्रिटिश फौजेला हा प्रकार ओळखीचा होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं अशीच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ घडवताना त्यात उरलेला ताण, या दोहोंच्या संयोगानं ते होतं, हे कारण १९२१मध्ये शास्त्रीयदृष्ट्या मांडलं गेलं. या काडतुसाला अमोनिया कुठून मिळाला असेल? जमाखर्चात गवताचे भारे आहेत, म्हणजे दारात जनावर होतं. इतकंच म्हणता येईल.

दुसरी नोंद टोपीवरची. टोपीवर एक उथळ खड्डा होता, मध्यभागी नाही, एका कडेला. घोड्याचं झुकलेलं टोक आणि तो खड्डा एकमेकांना जुळत होते. याचा अर्थ असा की कधीतरी, कुणीतरी, हा ४ नंबरचा घोडा बसवल्यानंतर, चाप ओढला होता. घोडा पडला, टोक टोपीच्या कडेवर आपटलं आणि बार झाला नाही. समोर चोर होता, कुत्रं होतं की नुसती भिंत, काही कळायला मार्ग नाही. त्यानंतर काडतूस न काढता रिव्हॉल्व्हर पिशवीत गेलं आणि फळीमागे बंद झालं.

ही नोंद वाचून दाखवली तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्याच्यावर धरलं तो वाचला." पुतण्याला मात्र तेव्हा पहिल्यांदा उमगलं की फोटो काढताना त्याच्या बोटाखाली, एकदा आपटी खाल्लेल्या टोपीच्या वर, तोच घोडा टेकलेला होता. टोपीतला मसाला शिल्लक होता, असंही अहवालात होतं.

रिव्हॉल्व्हरबद्दलचा अभिप्राय एका ओळीचा: दुरुस्तीअंती वापरण्यायोग्य. म्हणजे कलम ४५ची सूट मिळत नाही.

पुढे काय झालं

गुन्हा दाखल झाला नाही. अर्ज, पंचनामा आणि तत्परता पाहून अधिकाऱ्यांनी ते जमा शस्त्र म्हणूनच नोंदवलं. कुटुंबानं ते परत मागितलं नाही. त्याऐवजी एखाद्या संग्रहालयाकडे सोपवावं असा विनंतीअर्ज पोलीस आयुक्तालयात दिला आहे, त्यावर निर्णय व्हायचा आहे.

जतनाच्या सूचना मी अर्जासोबत जोडल्या. चामड्याची पिशवी वेगळी ठेवावी, कारण कमावलेल्या चामड्यातली आम्लं लोखंड आणि पितळ दोन्ही खातात. मुलामा सोलवटला आहे तिथं घासू नये. तांबडा गंज मऊ कापडानं झटकावा, काळा पक्का थर तसाच ठेवावा, त्याखालीच मूळ पृष्ठभाग आहे. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. जुन्या टोपीतल्या क्लोरेटची राख म्हणजे क्षारच, तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणून नळी आणि सिलिंडर पावसाळ्यात सिलिका जेलसोबत बंद डब्यात असावेत. आणि ४ नंबरचा घोडा बदलू नये. "मूळ घोडा मिळवून बसवू या का?" असं एका संग्राहकानं मध्यंतरी सुचवलं. तसं केलं तर वस्तू देखणी होईल आणि सव्वा रुपयाची ओळ अनाथ होईल.

नोंदपत्रक लिहिताना पुतण्याशी शेवटचा वाद झाला. त्याला 'क्रांतिकारकांशी संबंधित असण्याची शक्यता' एवढे शब्द हवे होते. मी ते घातले नाहीत. पत्रकावर आहे ते असं: बुल डॉग नमुन्याचं पाच बारी रिव्हॉल्व्हर, लिएज, बेल्जियम, १८९३नंतर. घोडा नंतर बदललेला, दुरुस्ती स्थानिक, मोडी नोंद उपलब्ध. एक न उडालेलं काडतूस, टोपीवर कडेला आघात. डावी बाजू सापडल्यानंतर आम्लानं घासली गेली.

मोडी कागद घरातच आहेत. ते ठेवायला परवाना लागत नाही. काकूंनी ते आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घालून घेतले आहेत आणि पुतण्या आता शनिवारी मोडीच्या वर्गाला जातो. उरलेल्या पानांत कसब्यातल्या त्या कारागिराचं नाव सापडतं का, हे तो पाहतो आहे.